साचा भरत नाही म्हणून आच वाढवू नका

मृगाचा पाऊस लागून ओढे वाहायला लागले की भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला चढणीच्या माशांची चर्चा सुरू होते. उन्हाळ्यात पाणी ओसरून उघडे पडलेले कांबरेश्वराचे देऊळ पुन्हा पाण्यात जायला अजून अवकाश असतो, पण फेकायची जाळी त्याआधीच माळ्यावरून खाली येतात. फाटलेले शिवायचे, कुजलेली दोरी बदलायची आणि घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या मोजायच्या. दगडात अडकून, घासून, तुटून गेल्या हंगामात बऱ्याच गळालेल्या असतात. या गोळ्यांच्या वजनावरच जाळे पाण्यात उघडे पडते, तळाला बसते आणि ओढताना मिटते. त्या कमी झाल्या की जाळे तरंगते आणि मासा खालून निसटतो.

गोळ्या विकत मिळतात. पण नद्या-धरणांच्या काठी जाळी विणणाऱ्या घरांत त्या घरीच ओतण्याची रीत जुनी आहे. भंगारातले शिसे स्वस्त पडते आणि साचा घरात असतोच. कुठे विटेत कोरलेला, कुठे मातीचा, कुठे लोखंडाच्या दोन पाकळ्यांचा. जुनी पातेली, तीन दगडांची चूल, एक पळी एवढे असले की काम सुरू. शेजारी पोरे बसलेली असतात, कारण घन धातू पाण्यासारखा होताना पाहणे ही कुठल्याही वयात मोठी गंमत आहे.

यात अडचण येते ती गोळी नीट न उतरण्याची. साचा उघडला की गोळी एका बाजूने चपटी निघते, कधी अंगावर सुरकुत्या असतात, कधी मधे पोकळ भोक पडलेले असते, कधी दोरी ओवायची जागाच बुजलेली असते. अशी गोळी वजनाला कमी आणि कडेला धारदार, तंगूस कापणारी. ती परत पातेल्यात जाते. आणि मग जवळपास प्रत्येक जण तोच उपाय करतो. शिसे पुरेसे तापले नसेल असे म्हणून चुलीत आणखी दोन लाकडे सारतो, फुंकणी लावतो, वरचा मळ पळीने ढवळून बाजूला काढतो आणि पुन्हा ओततो.

वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर सगळा धोका या उपायात आहे. गोळी चांगली उतरावी म्हणून जे केले जाते, नेमके तेच ओतणाऱ्याच्या आणि त्याच्या पोरांच्या रक्तातले शिसे वाढवते. शिवाय बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

आधी धातूचे पाहू. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. लाकडाची धगधगती आग याच्या दुप्पट तापमानाला सहज पोहोचते. म्हणजे शिसे वितळवायला फारसे कष्ट नाहीत, ते फाजील तापू न देणे हेच कठीण. वितळण्याच्या थोडे वर असलेले शिसे फारसा धूर सोडत नाही. मात्र ४५०-५०० अंशांच्या पुढे गेले की त्याची वाफ झपाट्याने वाढते, ती हवेत लगेच गार होते आणि अतिशय सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत राहते. हे कण डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते खोकला आणत नाहीत. मिरचीच्या फोडणीचा ठसका बसतो म्हणून माणूस खिडकी उघडतो. शिशाचा ठसका बसत नाही, म्हणून कोणी उठून बाजूला होत नाही.

आणि साचा का भरत नाही? बहुतेक वेळा साचा गार असतो म्हणून. गार साच्याच्या भिंतीला लागताच शिसे तिथल्या तिथे गोठते आणि मागून येणाऱ्या धाराला वाट उरत नाही. सुरकुत्या पडतात त्या याच कारणाने. कधी साच्यात ओल असते, विशेषतः मातीच्या किंवा विटेच्या. ओलीची वाफ होते, ती शिशाला मागे ढकलते आणि गोळी फुगल्यासारखी, भोकाची निघते. कधी साच्यातली हवा बाहेर जायला फटच नसते. कधी तेलकटपणा असतो. आणि पुष्कळदा धातूच मळका असतो. गॅरेजमधून आणलेल्या चाकांच्या बॅलन्सिंगच्या वजनांत आता जस्ताचीही वजने असतात. जस्त वितळायला ४२० अंशांच्या आसपास लागतात. जोरदार आचेवर ते शिशात मिसळले की सगळा रस भातासारखा गोळा-गोळा होतो आणि नीट वाहतच नाही. या पाचांपैकी एकाही कारणावर जास्त आच हा खरा इलाज नाही. शेवटच्यात तर जास्त आच हेच दुखण्याचे मूळ आहे.

ओतकाम करणाऱ्या जाणत्या लोकांना हे ठाऊक होते. मराठी छपाईचेच उदाहरण घ्या. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. देवनागरी खिळ्यांची वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे बारीक कोपरे साच्यात स्वच्छ उतरले नाहीत तर छापलेले पान वाचताच आले नसते. खिळ्यांसाठी म्हणूनच नुसते शिसे वापरत नाहीत, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. कथिलाने रस चांगला वाहतो आणि कोपऱ्यापर्यंत जातो, अँटिमनीने खिळा कडक होतो आणि गोठताना आकसत नाही. कथील म्हणजे तेच, कल्हईवाला भांड्याला लावतो ते. सारांश, बारीक साचा भरायचा तर धातूचे मिश्रण बदलायचे, निखारे वाढवायचे नाहीत, हे त्या धंद्याने शोधून काढले होते.

त्या धंद्याला शिशाचा आजारही चांगला माहीत होता. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक. त्याने १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात खिळे जुळवणाऱ्या कामगारांचे हात लुळे पडत असल्याचे सांगितले आहे. ओले खिळे विस्तवाजवळ सुकवून ते गरमच हाताळण्याची तेव्हा सवय होती. या पत्रात त्याने खंत केली आहे ती अशी की उपयोगी सत्य कळल्यावरही ते लोकांच्या आचरणात यायला किती काळ जातो. त्याला आता जवळजवळ अडीचशे वर्षे होतील.

आपल्या कायद्यानेही हा धोका ओळखला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजे अशा व्यवसायजन्य आजारांची यादी होती, आणि तिच्यातली पहिलीच नोंद शिशाच्या विषबाधेची होती. कारखान्यात शिसे वितळवायचे तर धूर ओढून घेणारी यंत्रणा, वेगळे कपडे, हात धुण्याची सोय, ठराविक काळाने तपासणी हे सारे आले. हेच काम घराच्या अंगणात केले की यातले काहीही लागू होत नाही. निरीक्षक येत नाही, तपासणी होत नाही, नोंद होत नाही. कारखान्यात जिथे लहान मुलाला पाऊलही ठेवता येत नाही, त्याच कामाजवळ घरी ते मांडी घालून बसलेले असते. (बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा प्रश्न निराळा आहे. त्याला परवान्याशिवाय शस्त्र कायद्याचीच आडकाठी आहे. जाळ्याच्या गोळीला कोणताही कायदा आड येत नाही, आणि यावा असेही नाही.)

धुराची चर्चा होते, पण घरगुती ओतकामात धुराइतकीच, कदाचित जास्तच, काळजी राखेची करायला हवी. तापलेल्या शिशावर करडी-पिवळी साय धरते. ती पळीने काढून बाजूला टाकतात. ही साय म्हणजे शिशाचे ऑक्साइड, जुन्या औषधी दुकानांत मुरदाडशिंग म्हणून मिळायचे त्याच जातीचे. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड. घन शिशाची गोळी चुकून हाताळली तर विशेष काही होत नाही, कारण धातू कातडीतून आत शिरत नाही. पण ही भुकटी बोटांना चिकटते, पायांनी घरात येते, खाटेवर, गोधडीवर, भाकरीच्या ताटाजवळ बसते. ओतणारा मधेच उठून तंबाखू मळतो, विडी शिलगावतो, तेव्हा ती सरळ तोंडात जाते. रांगणारे मूल जमिनीवरून हात उचलते आणि तोंडात घालते, ते तर दिवसातून शेकडो वेळा. ओतण्याचे काम दोन तासांत संपते, भुकटी मात्र अंगणाच्या मातीत वर्षानुवर्षे राहते. शिसे कुजत नाही आणि त्याचे दुसरे काही बनूनही ते नाहीसे होत नाही.

मूल आणि मोठा माणूस यांच्यातला फरक इथे फार मोठा आहे. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशातले साधारण दहावा हिस्सा रक्तात शोषले जाते. लहान मुलांत हे प्रमाण ४०-५० टक्क्यांपर्यंत जाते. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण आतडे शिशाला त्यांच्याच रांगेत आत घेते. आपल्याकडे लहान मुलांत आणि बायकांत रक्तपांढरी किती आहे हे वेगळे सांगायला नको. एकदा शिरलेले शिसे रक्तातून महिनाभरात निम्मे होते, पण जाते ते बहुतांशी हाडांत. हाडांत ते दहा-दहा, वीस-वीस वर्षे मुक्काम करते. लहानपणी अंगणात खेळताना साठलेले शिसे मुलीच्या गरोदरपणी हाडांतून सुटून पुन्हा रक्तात येते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

किती शिसे म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की दर १०० मिलीलीटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून बंद केले पाहिजे. अमेरिकेने त्याच वर्षी मुलांसाठी ही रेषा साडेतीनवर आणली. आणि पूर्ण सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, हे संघटना स्वतःच सांगते. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. बारा किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे ९०० मिलीलीटर रक्त असते. म्हणजे त्याच्या सगळ्या रक्तात मिळून ४५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण घ्या, जवळपास तेवढे. पातेल्यातून काढून टाकलेल्या पळीभर सायीत असे किती कण असतील हे मोजत बसण्यात अर्थ नाही.

एवढ्याशा शिशाने मूल फिट येऊन पडत नाही, आणि हीच पंचाईत आहे. ते जरा हट्टी होते, लक्ष लागत नाही, पाढे उशिरा येतात, भूक मंदावते, पोट अधूनमधून दुखते, बद्धकोष्ठ राहते. घरचे म्हणतात, जंत झाले असतील. जंताचे औषध दिले जाते. रक्त कमी दिसते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. यातले काहीच चूक नाही. लोह दिल्याने शिशाचे शोषण थोडे कमीच होते. पण मूळ कारण अंगणात तसेच राहते. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, सांधे दुखतात, पोटात मुरडा येतो. पातळी फार वर गेली तर पोटदुखी इतकी जबर असते की अपेंडिक्स समजून पोट उघडल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मनगट लुळे पडणे, हिरडीवर निळसर रेघ उमटणे ही पुस्तकातली लक्षणे तर फार पुढची. त्यांची वाट पाहणारा डॉक्टर उशिरा पोहोचतो.

ग्रामीण रुग्णालयात रक्तातले शिसे मोजण्याची सोय सहसा नसते. नमुना पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि तो खर्च जाळ्यावर पोट असलेल्या कुटुंबाला परवडत नाही. पण या आजारात सगळ्यांत उपयोगी तपासणी फुकटची आहे. पोटदुखी, रक्तपांढरी, मागे पडलेले मूल समोर आले की डॉक्टरने एक प्रश्न विचारायचा: घरात कोणी शिसे वितळवते का? जाळ्याच्या गोळ्या, बॅटऱ्या, डाख, जुने रंग? भोई, कोळी, कातकरी वस्तीतून आलेल्या रुग्णाला हा प्रश्न नेमाने विचारला पाहिजे, जसा गवंड्याला सिमेंटबद्दल आणि गिरणीवाल्याला पिठाबद्दल विचारतात. तो विचारला जात नाही, कारण वैद्यकीय शिक्षणात शिसे हे कारखान्याचे विष म्हणून शिकवले जाते. घराचे विष म्हणून ते कोणाच्या डोक्यात नसते.

जग मात्र हे पाहून चुकले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रकाठच्या गरीब मच्छीमार वस्त्यांत संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा बहुतांश मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसे सापडले. त्या घरांत गळाची आणि जाळ्याची वजने स्वयंपाकाच्या चुलीवर ओतली जात होती. सेनेगलमधल्या डकार शहराजवळच्या थियारोय या वस्तीची गोष्ट अधिक भीषण आहे. तिथे जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वर्षानुवर्षे उघड्यावर काढले जात होते. शिशाचा भाव वाढला तशी लोकांनी ती मातीही खणून घरी नेली आणि चाळून शिसे वेगळे करू लागले. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या चार महिन्यांत तिथली १८ लहान मुले दगावली. आधी वाटले, मेंदूज्वर किंवा मलेरियाची साथ असेल. भाटघरला असे काही घडले आहे असे कोणी म्हणत नाही. चार-दोन किलो शिसे वर्षातून एकदा ओतणे आणि टनावारी माती चाळणे यांत फरक आहे. पण बॅटरी फोडून शिसे काढण्यापासून सावध राहायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

बॅटरीबद्दल जरा जास्त सांगायला हवे, कारण भंगारातले सगळ्यांत सहज मिळणारे शिसे तेच. गाडीच्या जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या म्हणजे नुसता धातू नव्हे. त्यांच्यावर शिशाच्या संयुगांचा लगदा असतो, तो सुकला की भुकटी होतो. त्यात आम्ल मुरलेले असते. काही पट्ट्यांत कॅल्शियम, आर्सेनिक, अँटिमनी असते. अशा पट्ट्या वितळवून निघालेल्या सायीवर पाणी पडले तर आर्सेनिक आणि अँटिमनीचे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. गोळीही चांगली उतरत नाही ती वेगळीच, कारण मळ फार. म्हणजे गोळीच्या आणि ओतणाऱ्याच्या, दोघांच्याही दृष्टीने हे सगळ्यांत वाईट शिसे. जुनी बॅटरी अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडेच परत जायला हवी असा आपल्याकडे २००१ पासून नियम आहे आणि २०२२ च्या नव्या नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर त्याची जबाबदारी टाकली आहे. गावच्या भंगाराच्या दुकानात बॅटरी कुऱ्हाडीने फोडली जाते तेव्हा हे नियम कुठे असतात, हा प्रश्न ज्यांनी नियम केले त्यांनाच विचारायचा.

भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली हटवले गेले आणि घरगुती रंगांतले शिसे २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित झाले. दोन्ही मोठी कामे. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत भारतातली मुले सर्वाधिक. नागपूरची नीरी संस्था ज्या सीएसआयआरचा भाग आहे, तिने नीती आयोगाबरोबर २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात २३ राज्यांतली सरासरी या रेषेच्या वर दाखवली आहे. पेट्रोल गेले, रंग सुधारले, मग हे शिसे येते कुठून? बॅटऱ्या, भेसळीची हळद, काही भांडी, काही औषधी भस्मे आणि अशी विखुरलेली, छोटी, घरगुती कामे. त्यांच्यावर बंदी घालून काही होत नाही. मासे धरणाऱ्याला सरकारने सांगावे की गोळी ओतू नको, आणि त्याने रिकामे जाळे घेऊन घरी बसावे, हा उपाय नव्हे.

उपाय वेगळा आहे आणि तो अवघडही नाही. भाटघर हे १९२७ साली पुरे झालेले मोठे धरण. त्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूर, फलटण-माळशिरसचा ऊस उभा आहे. येसाजी कंक जलाशय हे त्याचे सरकारी नाव. राज्यात अशा जलाशयांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांमार्फत चालते आणि मत्स्यव्यवसाय विभाग सूत आणि जाळी घ्यायला अनुदान देतो. मग त्या जाळ्याची गोळी अनुदानातून का सुटली? संस्थेने हंगामाआधी कारखान्यात ओतलेल्या गोळ्या घाऊक भावात आणून सभासदांना दिल्या आणि तुटक्या गोळ्या वजनावर परत घेतल्या तर अंगणातली चूल आपोआप विझेल. घाऊक खरेदीत फरक किती पडेल तो संस्थेच्या एका मासिक सभेत निघू शकतो. शिशाशिवायचीही वजने आहेत. इंग्लंडने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घातली, ती हंस ती गिळून मरतात म्हणून. तिथे मग कथील, टंगस्टन, पोलाद यांची वजने आली. ही आपल्याकडे महाग पडतील. पण लोखंडी कड्या किंवा साखळी काही जाळ्यांना चालते, आणि भाजलेल्या मातीचे मणी तर सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत सापडतात. उभ्या जाळ्याला ते चालू शकतील. फेकायच्या जाळ्याला मात्र लहान आकारात जास्त वजन लागते. तिथे शिशाची बरोबरी करणे कठीण, हे मान्य केले पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर करावा. जाळ्याला लावलेल्या गोळीमुळे धरलेला मासा विषारी होत नाही. धातूचे शिसे पाण्यात फार सावकाश विरघळते. एवढ्या मोठ्या जलाशयात हरवलेल्या गोळ्यांनी पिण्याच्या पाण्याला फरक पडत नाही. म्हणून मासे खायचे थांबवायचे काही कारण नाही. गोळी दाताने चावून दोरीवर बसवायची सवय मात्र सोडावी. भीती आहे ती ओतण्याच्या दिवसाची आणि त्या दिवसाच्या राखेची.

तोपर्यंत जे ओतणारच आहेत, त्यांना नुसते भिऊन राहा म्हणण्यात हशील नाही. त्यांनी एवढे तरी करावे. घरापासून, विहिरीपासून लांब, मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसावे. पोरे, गरोदर बाई, कोंबड्या-शेळ्या कोणी जवळ नको. पातेली आणि पळी कायमची वेगळी ठेवावी. घासली, चिंच लावली, तरी ती स्वयंपाकात परत येऊ शकत नाही. बॅटरीचे शिसे घेऊ नये. साचा आधी ऊन द्यावा, पूर्ण वाळवावा, मग निखाऱ्याजवळ तापवावा. पहिल्या दोन-चार गोळ्या खराब निघाल्या तर निघू द्याव्या, त्यांनीच साचा तापतो. शिसे वितळून आरशासारखे चमकले की बास, आच ओढून घ्यावी. लालसर दिसू लागले म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली. साच्याच्या दोन पाकळ्यांमध्ये हवा जाण्याएवढी केसभर फट असू द्यावी. जवळ पाण्याचे भांडे ठेवू नये. एक थेंब तापल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणात हजारो पट वाफ होते आणि पातेलीतला रस तोंडावर उडतो. गोळ्या गार व्हायला जमिनीवर सोडाव्या, बादलीत नव्हे. ओतताना तंबाखू, चहा, विडी काही नको. काम झाल्यावर साबणाने हात, तोंड, नखे धुवावी, मग घरात पाय ठेवावा. अंगातले कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत. जागा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी किंवा वरची माती खुरप्याने काढून घ्यावी.

राहिली ती काढलेली साय. ती उकिरड्यावर टाकली तर कोंबड्या टिपतात आणि पुढच्या वर्षी ते खत शेतात जाते. ओढ्यात टाकली तर खालच्या वस्तीत जाते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, वर खूण करून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी आणि परवानाधारक शिसे-भट्टीशी व्यवहार असलेल्या व्यापाऱ्याला विकावी. सायीतही शिसे असतेच, त्यामुळे तिचे थोडेफार पैसे मिळतात. संस्थेने असा एक डबा आपल्या कार्यालयात ठेवला तर प्रत्येकाला वेगळा व्यापारी शोधत फिरावे लागणार नाही.